गुडघ्याचं लिगामेंट तुटलं तर : ऑपरेशनमध्ये नेमकं काय होतं, आणि सजद्याचं काय?

आमच्या पिंपळगाव रेणुकाईत मिरचीचा हंगाम सुरू झाला की रात्री उशिरापर्यंत गाड्या भरल्या जातात. पोती उचलणारी, गाडीवर थर लावणारी बरीच पोरं मोहल्ल्यातलीच असतात. दिवसा जागा मिळेल तिथे हीच पोरं टेनिस बॉलचं क्रिकेट खेळतात. आमचा एक जुना विद्यार्थी असाच दुसरी रन घ्यायला वळला. कुणी धक्का दिला नाही, कुणी आडवं आलं नाही. बूट जमिनीत अडकला, अंग वळलं आणि गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला. “सर, ऐसा लगा के घुटना अपनी जगह से हटके वापस आया,” असं तो नंतर सांगत होता. मगरिबपर्यंत गुडघा टम्म फुगला होता.

पुढचं सगळं आपल्याकडे होतं तसंच झालं. मालिश झाली, गरम मिठाचा शेक झाला, कुणीतरी पट्टी बांधून दिली. तीन आठवड्यांत सूज उतरली आणि सगळ्यांनी अल्हमदुलिल्लाह म्हटलं. पोरगा परत पोती उचलायला लागला. मग एका रात्री फळीवरून गाडीत चढताना, पाठीवर पोतं असताना, गुडघ्याने दगा दिला. महिन्याभरात पुन्हा एकदा दिला. दहा महिन्यांनी एमआरआय झाला तेव्हा रिपोर्टमध्ये लिहून आलं : एसीएल पूर्ण तुटलेलं, आणि आतल्या बाजूची गादीही फाटलेली. पोलीस भरतीचं त्याचं स्वप्न होतं, त्याची त्याला चिंता होती. पण त्याच्या अम्मीने दवाखान्यात डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, “ऑपरेशन के बाद सजदा कर सकेगा ना?” डॉक्टर हसले, “सब ठीक हो जाएगा” म्हणाले आणि पुढचा पेशंट आत बोलावला.

आम्ही त्या दिवशी सोबत होतो. प्रश्न साधा वाटला तरी तो फार नेमका आहे, हे आम्हाला नंतर वाचताना आणि दोन-तीन हाडांच्या डॉक्टरांशी बोलताना कळलं. त्याचं उत्तर बऱ्याच अंशी यावर अवलंबून असतं की नवीन लिगामेंट बनवायला दोरा शरीरातून कुठून घेतला आणि तो हाडात कुठे बसवला. तेच इथे सोप्या भाषेत मांडायचा आमचा प्रयत्न आहे.

‘नस’ नव्हे, दोर

आपल्याकडे याला “गुडघ्याची नस तुटली” म्हणतात. ही नस नाही आणि शीरही नाही. हाडाला हाडाशी बांधून ठेवणारा चिवट दोर म्हणजे लिगामेंट. गुडघ्यात असे चार मोठे दोर असतात : दोन बाजूंना दोन, आणि आत मध्यभागी एकमेकांना फुलीसारखे छेदून जाणारे दोन. आतल्या या दोन दोरांतला पुढचा म्हणजे एसीएल. लांबी साधारण ३ ते साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे करंगळीहून आखूड. नडगीच्या हाडाच्या माथ्यावर पुढच्या बाजूला तो सुरू होतो आणि तिरका वर-मागे जात मांडीच्या हाडाच्या खाचेत, बाहेरच्या भिंतीवर चिकटतो. हा ‘तिरका’ शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच सगळं येणार आहे.

या फुलीवरूनच त्याचं नाव पडलं. प्राचीन काळी या दोरांचं वर्णन जालिनूसने, म्हणजे ज्याला इंग्रजीत गेलन म्हणतात त्या हकिमाने, करून ठेवलं होतं. तो तरुणपणी पर्गामम शहरात ग्लॅडिएटरांवर, म्हणजे आखाड्यात लढणाऱ्यांवर, इलाज करायचा. तुटलेले गुडघे त्याने भरपूर पाहिले असणार. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक यांनी त्याची पुस्तकं सिरियाक आणि अरबी भाषेत आणली आणि युनानी तिब त्यांच्यावर उभी राहिली. आमच्या वडिलांच्या पिढीतले हकीमसाहेब जालिनूसचं नाव घरच्या माणसासारखं घ्यायचे.

एसीएलची कामं दोन. नडगीचं हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू द्यायचं नाही, हे एक. आणि पाय रोवून अंग वळवलं तर गुडघा आत पिळू द्यायचा नाही, हे दुसरं. सरळ रस्त्यावर चालायला दुसऱ्या कामाची फारशी गरज पडत नाही. म्हणून तर आमच्या विद्यार्थ्याला वाटलं की आपण बरे झालो. वळणावर, उतारावर, डोक्यावर ओझं असताना, कबड्डीत झटक्याने मागे फिरताना ही गरज पडते.

हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरून येते, मग हे का जुळत नाही? कारण एसीएल सांध्याच्या पाण्यात बुडालेलं असतं. एरवी जखमेत रक्ताची गुठळी धरते आणि तिच्यावर नवीन ऊती चढते. इथे सांध्यातलं पाणी ती गुठळी टिकूच देत नाही. तुटलेली दोन टोकं भिजलेल्या सुतळीसारखी विस्कटतात आणि आक्रसतात. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात मेयो रॉबसन नावाच्या सर्जनने १८९५ मध्ये एका खाण कामगाराच्या गुडघ्यात असा दोर टाके घालून शिवला होता. त्यानंतर कित्येक दशकं लोक शिवत राहिले. टाके घातलेले दोर पुढे बऱ्याच जणांचे पुन्हा सुटायचे. अखेर शिवण्यापेक्षा नवीन दोर बनवून बसवणं हाच मुख्य मार्ग ठरला. म्हणून या ऑपरेशनला दुरुस्ती न म्हणता पुनर्रचना म्हणतात. १९१७ मध्ये हे ग्रोव्हज यांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूची पट्टी हाडाला भोकं पाडून त्यातून ओवली. मुळातली कल्पना आजही तीच आहे, बदललं ते भोक पाडायचं ठिकाण.

सगळ्यांना ऑपरेशन लागतं का?

नाही, आणि हे आधी सांगितलं पाहिजे. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळणाऱ्या रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०१० मध्ये छापून आला. अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन केलं, बाकीच्यांना आधी फक्त व्यायाम दिला आणि गरज वाटली तरच पुढे ऑपरेशन. दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्यांना पाच वर्षांनंतरही ऑपरेशनची गरज पडली नव्हती. ज्याचं काम बैठं आहे, गुडघा दगा देत नाही, गादी शाबूत आहे, त्याने चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे तीन महिने मन लावून व्यायाम करून बघायला हरकत नाही.

पण ज्याचा गुडघा पुन्हा पुन्हा सटकतो त्याची गोष्ट वेगळी. प्रत्येक सटकण्यात दोन हाडांमधली गादी चिरडते. लिगामेंट नवीन बसवता येतं, गादी मात्र एकदा कापून काढली की गेली, आणि मग चाळिशीतच गुडघ्याची झीज सुरू होते. आमच्या विद्यार्थ्याचं खरं नुकसान त्या पहिल्या ‘कट्’पेक्षा नंतरच्या दहा महिन्यांत झालं. मालिश करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण आवाज आला आणि काही तासांत सूज चढली, तर आत रक्त साचलेलं असतं आणि एसीएल गेलं असण्याची शक्यता मोठी असते. अशा गुडघ्यावर बर्फ, पट्टी आणि विश्रांती हवी, चोळणं नको. हाडांचे डॉक्टर गुडघा थोडा वाकवून नडगी पुढे ओढून बघतात. अनुभवी हाताला एमआरआयच्या आधीच कळतं.

ऑपरेशनची घाईही नको. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर तो आखडलेलाच राहू शकतो. सूज उतरावी, पाय पूर्ण सरळ व्हावा, मांडीत जोर यावा, मग टेबलावर जावं. अपघातात दोन-तीन लिगामेंट एकदम तुटलेली असतील, किंवा फाटलेली गादी आत अडकून गुडघा लॉक झाला असेल, तर हिशेब निराळा.

दोर कुठून घ्यायचा?

नवीन लिगामेंटला ग्राफ्ट म्हणतात. आपल्याकडे तो बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्याच शरीरातून घेतात. मयत दात्याकडून घेतलेला ग्राफ्टही असतो, पण आपल्या भागात क्वचितच वापरतात आणि तरुणांमध्ये तो जास्त वेळा तुटतो. काही घरांत विचारलं जातं की शरीराचा एक भाग काढून दुसरीकडे लावणं जायज आहे का. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ च्या ठरावात, फायदा नुकसानीपेक्षा मोठा असेल तर एकाच माणसाच्या शरीरातला भाग त्याच्याच शरीरात दुसरीकडे लावायला परवानगी दिली आहे. तरी शंका असेल तर आपल्या मुफ्ती साहेबांना विचारून मन मोकळं करावं.

आता अम्मीच्या प्रश्नाकडे येऊ. सजद्यात अंगाचा बराच भार गुडघ्यांच्या पुढच्या भागावर पडतो : वाटीचा खालचा भाग, वाटीखालचा जाड पट्टा आणि तो पट्टा जिथे नडगीला चिकटतो तो टणक उंचवटा. मग अत्तहियातला बसताना गुडघा जवळजवळ पूर्ण मिटतो. म्हणजे गुडघ्याला दोन गोष्टी जमल्या पाहिजेत, भार सोसणं आणि मिटणं. दिवसाच्या १७ फर्ज रकाती धरल्या तरी सजदे ३४ होतात, सुन्नत-नफल वेगळ्या. खेळाडूंसाठी लिहिलेल्या माहितीपत्रकात हा हिशेब सापडत नाही, पण आपल्यासाठी तो रोजचा आहे.

एक ग्राफ्ट घेतात वाटीखालच्या पट्ट्याचा मधला तिसरा हिस्सा, वर वाटीचा आणि खाली नडगीचा हाडाचा छोटा तुकडा ठेवून. मजबुतीत हा जुना आणि नावाजलेला. दोन्ही टोकांना हाड असल्यामुळे तो बोगद्यात लवकर, साधारण सहा आठवड्यांत जुळतो. व्यावसायिक खेळाडूंमध्ये अजूनही त्याला मान आहे. पण जिथून तो घेतात ती नेमकी सजद्याची जागा. गुडघे टेकताना दुखण्याची तक्रार या ग्राफ्टनंतर जास्त दिसते आणि काहींची ती वर्षानुवर्षं राहते.

दुसरा म्हणजे हॅमस्ट्रिंग. खुर्चीवर बसून टाच मागे दाबा आणि गुडघ्याच्या मागे आतल्या बाजूला हात लावा, दोन ताठ दोऱ्या लागतात. त्यातली एक किंवा दोन्ही, गुडघ्याखाली आतल्या बाजूला दोन-तीन सेंटिमीटरची चीर देऊन काढतात. त्यांची घडी घालून चार पदरी दोर करतात. आपल्याकडे सगळ्यात जास्त हाच वापरला जातो. गुडघे टेकताना त्रास कमी, मात्र गुडघा पूर्ण मिटवून टाच मागे खेचायची ताकद थोडी कमी होते आणि चिरेजवळ कातडी काही काळ, कधी कायमची, बधिर राहते. बारीक चणीच्या माणसात, विशेषतः मुलींमध्ये, या दोऱ्या पातळ निघू शकतात. तयार दोराची जाडी ८ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तरुणांमध्ये तो पुन्हा तुटण्याचा धोका वाढतो. त्यामुळे सर्जन टेबलावरच मापाच्या भोकांतून दोर ओढून जाडी बघतात आणि कमी पडली तर पदर वाढवतात.

तिसरा वाटीच्या वरच्या कंडरेचा. तो जाड असतो आणि टेकण्याचा त्रास पट्ट्याच्या ग्राफ्टपेक्षा कमी. चौथा घोट्याच्या बाहेरच्या बाजूने जाणाऱ्या पेरोनियस लाँगसचा. तो आपल्या देशात अलीकडे बराच वापरतात, कारण जाडी चांगली मिळते आणि गुडघ्याच्या आसपास काहीच कापावं लागत नाही. घोट्याची ताकद बहुतेकांची ठीक राहते, पण ज्याला रोज शेतात उंच-सखल चालायचं आहे त्याने हा प्रश्न सर्जनला जरूर विचारावा.

आमचं मत विचाराल तर, कोणताही ग्राफ्ट ‘बेस्ट’ नाही. सर्जनचा हात कोणत्या ग्राफ्टवर बसलेला आहे हेही तितकंच महत्त्वाचं. फक्त ऑपरेशनच्या आधी एवढं वाक्य बोलून टाकावं : “डॉक्टरसाहेब, मी दिवसातून पाच वेळा गुडघे टेकतो आणि पूर्ण मिटून बसतो.” लाजू नये. चांगला सर्जन हे ऐकून आपला बेत पुन्हा एकदा तपासतो.

बोगदा कुठे पाडायचा?

ऑपरेशन दुर्बिणीने होतं. कंबरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर करतात. वाटीच्या दोन बाजूंना एक सेंटिमीटरहून लहान दोन-तीन छिद्रं पाडतात, एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून हत्यार. सांध्यात सलाइन सोडून तो फुगवतात. टोकियोत ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय बघायची दुर्बीण मयत माणसाच्या गुडघ्यात घालून बघितली होती, तिथून ही विद्या सुरू झाली. आधी गादी तपासतात, शिवण्यासारखी असेल तर शिवतात. मग नडगीच्या हाडातून एक आणि मांडीच्या हाडात एक असे दोन बोगदे पाडतात आणि त्यातून ग्राफ्ट ओढून घेतात. ऐकायला सुतारकाम वाटतं, पण सगळं यश-अपयश या बोगद्यांच्या तोंडांवर आहे. चार-पाच मिलिमीटरची चूकही महागात पडते.

लग्नाच्या मंडपाचा खांब आठवा. त्याला ताण देतात, म्हणजे दोर बांधून खुंटी लांब ठोकतात. दोर तिरका असला की वारा आला तरी खांब हलत नाही. समजा कुणी आळस करून खुंटी खांबाच्या बुडाशीच ठोकली. दोर बांधलेला दिसतो, घट्टही असतो, पण तो उभा आहे, म्हणून खांब डुलतो. गुडघ्यात हेच होतं. मांडीच्या हाडातला बोगदा खाचेच्या छताकडे वर गेला, तर नवीन दोर उभा बसतो. असा दोर नडगीला पुढे सरकण्यापासून थोडाफार अडवतो, म्हणून तपासणीत गुडघा घट्ट वाटतो. पण पिळाला तो अडवत नाही. रुग्ण म्हणतो, “ऑपरेशन तर झालं, तरी वळताना भरवसा वाटत नाही.” तो खोटं बोलत नसतो.

सर्जन या जागेसाठी घड्याळाची भाषा वापरत आले आहेत. गुडघा वाकवून समोरून बघितलं तर खाच म्हणजे घड्याळाची तबकडी आणि छत म्हणजे १२. उजव्या गुडघ्यात दोर ११ वाजायच्या जागी किंवा त्याहून वर गेला तर तो उभा, १० च्या आसपास बसला तर तिरका. डाव्या गुडघ्यात हेच २ च्या आसपास. पूर्वी बहुतेक सर्जन नडगीच्या बोगद्यातूनच ड्रिल सरळ वर नेऊन मांडीचा बोगदा पाडायचे. एकाच रेषेत दोन भोकं, काम झटपट. पण ती रेष ड्रिलला आपोआप वर, छताकडे नेते. पुढे अनेकांनी आतल्या बाजूच्या छोट्या छिद्रातून, गुडघा खूप वाकवून, स्वतंत्रपणे बोगदा पाडायला सुरुवात केली. त्यामुळे मूळ दोर जिथे चिकटला होता त्याच ठशावर नवीन दोर बसवता येतो. यालाच शरीररचनेनुसार बसवणं म्हणतात. तिथे तुटलेल्या दोराचा थोडा बुंधा शिल्लक असतो, सर्जन त्याचीच खूण धरतात. आता अनेकजण घड्याळाऐवजी हाडावरचे कंगोरे आणि तो ठसा बघूनच जागा ठरवतात. घड्याळ ढोबळ आहे, पण समजून घ्यायला आपल्याला पुरतं.

दुसरी चूक खोलीची. मांडीच्या हाडातला बोगदा जितका मागे हवा तितका गेला नाही, पुढेच राहिला, तर गुडघा मिटताना दोर अवाजवी ताणला जातो. मग दोनांपैकी एक होतं : गुडघा पूर्ण मिटतच नाही, किंवा जोर करून मिटवला तर दोर हळूहळू सैल पडतो. अत्तहियातला बसणाऱ्या माणसासाठी ही चूक सगळ्यात वाईट. नडगीच्या बाजूची चूक याच्या उलट वागते. तिथला बोगदा फार पुढे पडला तर पाय सरळ करताना दोर खाचेच्या छतावर घासतो, पाय पूर्ण सरळ होत नाही आणि घासून घासून दोर झिजतो. फार मागे पडला तर दोर पुन्हा उभा. म्हणजे चार बाजूंनी चार चुका आणि मध्ये नखाएवढी बरोबर जागा.

ग्राफ्ट ओढून घेतला की तो पकडून ठेवावा लागतो. मांडीच्या बाजूला बहुतेकदा हाडाच्या बाहेर आडवं बसणारं छोटं धातूचं बटण, नडगीच्या बाजूला बोगद्यात घट्ट बसणारा स्क्रू, टायटॅनियमचा किंवा शरीरात विरघळणारा. बटण-स्क्रू फक्त सुरुवातीचे महिने धरून ठेवण्यासाठी असतात. खरी पकड हाडाची. नुसत्या कंडरेच्या ग्राफ्टला हाडात रुजायला आठ ते बारा आठवडे लागतात.

ऑपरेशननंतर एक्स-रे काढतात. त्यावर बोगद्यांची दिशा आणि बटण दिसतं. तो एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, आणि ग्राफ्ट कोणता, किती मिलिमीटरचा, बटण-स्क्रू कोणत्या कंपनीचे हे लिहिलेला कागद एका फाईलमध्ये ठेवा. पुढे कधी दुसऱ्या सर्जनकडे जावं लागलं तर तो पहिल्यांदा हेच मागतो.

दोर जिवंत होईपर्यंत

ज्याच्याबद्दल कुणी सांगत नाही ती गोष्ट ही. बसवलेला ग्राफ्ट सुरुवातीला रक्तपुरवठा नसलेला निर्जीव दोर असतो. पहिल्या काही आठवड्यांत तो आहे त्याहून कमजोर होतो. मग शरीर त्यात रक्तवाहिन्या पाठवतं, नवीन पेशी भरतं, आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ घेऊन त्याचं लिगामेंट बनवतं. गंमत म्हणजे दोर सगळ्यात नाजूक असतो दीड-दोन ते तीन महिन्यांत, आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं. पोरगा गाडीला किक मारतो, पोतं उचलून बघतो.

पहिल्या दोन आठवड्यांचं काम एकच, पाय पूर्ण सरळ करायचा आणि मांडी आवळायला शिकायचं. आपल्याकडे मायेने गुडघ्याखाली उशी ठेवतात, ती ठेवू नये, पाय वाकडाच आखडतो. हवी तर टाचेखाली ठेवावी. मग हळूहळू वाकवणं, कुबड्या सोडणं, एका जागेची सायकल, तीन-चार महिन्यांनी सरळ धावणं. खेळाला नऊ महिन्यांच्या आत परत जाऊ नये. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या रुग्णांच्या २०१६ मध्ये छापलेल्या अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत प्रत्येक महिना थांबल्याने पुन्हा दुखापत व्हायचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटत गेल्याचं दिसलं. पंचविशीच्या आतले जे पुन्हा खेळात उतरतात, त्यांच्यात चार-पाच जणांत एकाचा हा किंवा दुसरा गुडघा परत तुटतो. पोलीस भरतीची तारीख गुडघ्याला माहीत नसते. पुढच्या भरतीला फॉर्म भरता येतो.

मोठ्या खेळाडूंनाही सवलत नाही. क्रिकेटपटू ऋषभ पंतचा ३० डिसेंबर २०२२ ला अपघात झाला. जानेवारीत मुंबईत डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी त्याच्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन केलं आणि तो मैदानात उतरला तो थेट मार्च २०२४ मध्ये. पैलवान विनेश फोगाटचं ऑपरेशनही मुंबईतच झालं, ऑगस्ट २०२३ मध्ये, आणि वर्षभराच्या आत ती पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत पोचली होती. वजनाचं जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे, गुडघ्याने दगा दिला नव्हता. त्यांच्यामागे रोज फिजिओथेरपिस्ट होते हेही ध्यानात घ्या. आपल्या पोराला आठवड्यातून एकदा शहरात नेणंही जड जातं. तेव्हा पहिल्याच भेटीत व्यायाम मोबाईलवर शूट करून घ्यावेत आणि घरी रोज करावेत. मुलगी असेल तर महिला फिजिओथेरपिस्ट आहे का, हे आधी विचारावं. पडद्याच्या संकोचाने व्यायाम सुटला तर ऑपरेशनचा पैसा पाण्यात जातो. कबड्डी, खो-खो खेळणाऱ्या मुलींमध्ये एसीएल तुटायचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं, म्हणून आमच्या शाळेत आता खेळाच्या आधी वीस मिनिटं उडी मारून गुडघे आत न वळवता उतरण्याचा सराव घेतात.

नमाजचं म्हणाल तर, दीन इथे आपल्यापेक्षा जास्त सवलत देतो. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता, तेव्हा प्यारे नबी (स.अ.व.) यांनी त्यांना उभं राहून जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून नमाज पढायला सांगितलं, हे सहीह बुखारीत आहे. म्हणून सुरुवातीचे महिने खुर्चीवर, इशाऱ्याने सजदा. मशिदीत बुजुर्ग खुर्चीवर आणि वीस वर्षांचा पोरगाही खुर्चीवर, याची शरम वाटायचं कारण नाही, आणि “अब तो ठीक दिख रहा है” असं टोकणाऱ्यांनीही जरा थांबावं. जमिनीवर कधी यायचं हे सर्जन सांगतील. गादी शिवली असेल तर सुरुवातीला ९० अंशांच्या पुढे भार देऊन वाकवायचं नसतं आणि उकिडवं बसणं चार-सहा महिने लांबतं, म्हणजे घरात कमोड किंवा कमोडची खुर्ची लागणार, ती आधीच बघून ठेवावी. परवानगी मिळाल्यावर सुरुवात जाड जानमाजवर, आधी पलंगावर गुडघे टेकून, मग खाली.

धोकेही सांगून टाकतो. जंतुसंसर्ग शंभरात एकापेक्षा कमी जणांना होतो, पण झाला तर गंभीर. ताप, गुडघा लाल-गरम, पोटरी सुजून दुखणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तंबाखू-सिगारेटमुळे ग्राफ्ट रुजायला त्रास होतो. सर्जनने नाही विचारलं तरी हे खरं सांगावं.

खर्चाबाबत एकच सांगणं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. पैसे भरायच्या आधी रेशन कार्ड, आधार आणि एमआरआय घेऊन त्याला भेटा आणि आपलं ऑपरेशन योजनेत कशा प्रकारे बसतं, बटण-स्क्रूचा खर्च त्यात धरला आहे का, हे विचारा. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातही हाडांचा विभाग आहे. व्याजाने पैसे काढण्याच्या आधी हे दोन दरवाजे वाजवून बघावेत.

आमच्या विद्यार्थ्याचं ऑपरेशन होऊन आता पाच महिने झाले. हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट, साडेआठ मिलिमीटर. गादीचा थोडा भाग काढावा लागला, बाकी शिवली. गेल्या जुम्याला तो शेवटच्या सफेत खुर्ची ठेवून बसला होता. नमाज झाल्यावर आम्ही विचारलं, सर्जनने काय सांगितलं. म्हणाला, “गुडघा १२० पर्यंत वाकतोय, पुढच्या महिन्यात खाली बसून बघू म्हणाले.” मिरचीच्या गाडीवर मात्र सध्या तो पोती मोजतो आणि चिठ्ठ्या लिहितो.